भिंतीला टेकवलेल्या पाट्या

पेठच्या शाळेत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा हिराचंद मास्तर एका मुंगीची वाट बघत बसले होते.

शाळा म्हणजे मारुतीच्या देवळालगतची धर्मशाळा. बिगारीची, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गाची पोरं मांडी घालून ओळीनं बसलेली आणि प्रत्येकापुढे विटकरीची भुकटी पसरलेली धूळपाटी. एका पोरानं बोटानं 'ग' काढला होता. त्या 'ग'च्या काठाकाठानं एक मुंगी चालली होती आणि मास्तर उकिडवे बसून तिच्याकडे बघत होते. सगळा वर्ग गप्प. मी नेमणुकीचा कागद हातात धरून दारात उभा. मास्तरांनी मान वर न करता हातानंच मला थांबवलं. मुंगी पाटीवरून उतरून जमिनीवर गेली तेव्हा ते पोराला म्हणाले, "हां, आता पूस आन् पुन्हा काढ." मग माझ्याकडे वळले. "या, दत्तोबा ना तुमी? तिला घाई नव्हती, म्हणून तुमाला थांबावं लागलं."

हे माझे हेडमास्तर. मी त्यांच्या हाताखाली असिस्टंट. गावात त्यांना थोरलं मास्तर म्हणत आणि मला धाकलं.

हिराचंद मास्तर मंचरच्या एका जैन घरातले. त्यांचे आजोबा मारवाडातून आले आणि मंचरच्या पेठेत कापडाचं दुकान टाकून बसले. घरातले सगळे पुरुष दुकानात. हा एकटा धाकटा मुलगा पुण्याला ट्रेनिंगला गेला आणि मास्तर होऊन परतला. घरच्यांच्या लेखी ते दिवाळं निघाल्यासारखंच होतं. डोक्यावर ते पागोटं बांधत, पण त्याची तऱ्हा अशी की मारवाड्यांना ते ब्राह्मणी वाटे आणि ब्राह्मणांना मारवाडी. अंगानं उंच, सडपातळ. चालताना नजर कायम जमिनीवर, कारण पायाखाली जीव येऊ नये. अनोळखी माणसाला वाटे, यांचं काहीतरी हरवलंय.

पेठमध्ये तेव्हा जैनाचं दुसरं घर नव्हतं. मास्तर एका गुरवाच्या घरात एका खोलीत राहत. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांचा नेम. थंडीत दिवस लहान, तेव्हा शाळा सुटली की ते जवळजवळ पळतच खोलीवर जात, चूल पेटवत आणि दोन भाकरी टाकत. गाव शेतातून परत येऊन जेवायला बसे, तेव्हा मास्तरांचं ताट केव्हाच घासून पालथं घातलेलं असे. कुणी म्हणायचं, "मास्तर, या चार घास." ते हात जोडायचे. दिव्यावर किडे येऊन जळतात म्हणून दिवाही फारसा लावत नसत. घराघरांतून माणसांचे आवाज, भांड्यांचे आवाज येत, आणि मास्तर आपल्या उंबऱ्यावर अंधारात बसलेले दिसत. मी कधी शेजारी जाऊन बसलो तर सरकून जागा देत. बोलणं थोडंच व्हायचं, आणि जे व्हायचं ते पोरांच्या अक्षरांविषयी.

त्यांची सगळी माया अक्षरात होती. वरच्या वर्गाला जुन्नरी कागदावर बोरूनं कित्ता गिरवायला लागे. ते काम त्यांनी मला देऊन टाकलं होतं. "कागदावर आलेलं पोर घडलेलं असतंय," ते म्हणत. "मला पाटीवरची द्या." बिगारी आणि पहिली, एवढंच त्यांचं राज्य.

आठवड्यातून एकदा ते पोरांच्या अक्षराची परीक्षा घेत. ती मी दुसऱ्या कुठल्याच शाळेत बघितली नाही. मास्तर सांगतील ते शब्द पोरांनी पाटीवर लिहायचे आणि पाट्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवायच्या. कुणाची कुठली ते सांगायचं नाही. मग मास्तर उलट्या पावलांनी दारापर्यंत मागं जात आणि उंबऱ्यावरून सगळ्या पाट्या बघत. म्हणायचे, लांबून ओळ कळते. ओळ चढती आहे की उतरती, शब्द एकमेकांना चिकटलेत की फटकून उभे आहेत. नंतर जवळ येऊन एकेका पाटीसमोर गुडघ्यावर बसत. आता अक्षर कळायचं. कुठं दाब पडलाय, कुठं हात अडखळलाय, काना आधी ओढलाय की नंतर.

चुकीवर फुली मारलेली मी त्यांना कधी पाहिली नाही. पोराला बोलावून विचारत, "यातलं तुझं सगळ्यात चांगलं अक्षर कुठलं? तूच सांग." पोर बराच वेळ बघून एखाद्या अक्षरावर बोट ठेवी. मास्तर त्याखाली बारीकशी चंद्रकोर काढत. "मग बाकीच्यांना याच्यासारखं कर." झाली परीक्षा. दुसऱ्या मास्तरांच्या हातात तेव्हा छडी असे. यांच्या हातात ओलं फडकं.

एकदा पाटलांच्या ओसरीवर त्यांची थट्टा निघाली. कुणीतरी म्हणालं, नावं नसलेल्या पाट्या मास्तर वळखतात, ह्यात काय तरी गोम हाय. दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः शाळेत आले. पोरांना बाहेर काढलं, पाट्यांची अदलाबदल केली, आणि म्हणाले, "आता वाटा बरं ज्याच्या त्याला." मास्तरांनी पोरांना आत घेतलं आणि एकेक पाटी उचलून ज्याच्या त्याच्या हातात दिली. एकच उरली. ती त्यांनी दोनदा फिरवून बघितली आणि पाटलांकडे दिली. "हे पोर आज शाळेत न्हाई आलेलं."

पाटील हसले. ती त्यांनी आपल्या थोरल्या नातवाकडून घरीच लिहवून आणली होती.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मास्तर ओशाळले. नंतर मला म्हणाले, "ह्यात काय हाय? आई अंधारात पावलं ऐकून सांगती ना, कुठलं पोर आलं ते. रोज ऐकलं की कळतंय."

आणखी एक आठवण आहे. पश्चिमेकडच्या डोंगरातलं एक पोर, लुमा नावाचं, मामाकडे राहायला आलं होतं. त्यांच्या गावात भाताची खाचरं आणि नाचणी, शाळा नाही. मामा इथं एका बागायतदाराकडे चाकरीला. लुमाचं अक्षर आधी चांगलं टपोरं होतं. मग ते आठवड्याआठवड्याला बारीक होत गेलं. शेवटी पाटीच्या एका कोपऱ्यात मुंग्यांची रांग बसावी तसं. मास्तरांनी एकदा त्याला 'बरं' असा शेरा दिला, पुढच्या वेळी पुन्हा 'बरं'. तिसऱ्या वेळी पाटीपुढे बसले ते उठेचनात. मग लुमाला जवळ बोलावून म्हणाले, "मूठ उघड." मुठीत पेन्सिलीचा तुकडा होता, हरभऱ्याएवढा.

"एवढीच हाय?"

"मामी म्हनली, लई लिवू नगं. सपली तर दुसरी न्हाई."

मास्तरांनी आपल्या खिशातली पेन्सील त्याला दिली आणि मला म्हणाले, "बघा दत्तोबा, मी पोराचं अक्षर 'बरं' म्हनत बसलो. अक्षराला काय झालंच नव्हतं." त्या दिवशी ते स्वतःवर फार चिडलेले होते. लुमानं दुसऱ्या दिवशी पाटीभर एकच 'ळ' काढला आणि पाटी उचलून सगळ्या वर्गाला दाखवत फिरला.

मास्तरांचं लग्न झालेलं होतं हे मला वर्षभरानं कळलं. बायको बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. एकट्या पुरुषानं तान्ही पोर कशी सांभाळायची? थोरले भाऊ पन्नालाल शेठ आणि वहिनी यांनी ती पदरात घेतली. दुसरं लग्न कर, दुकानात बस, पोर तुझी तुला परत, असं भावानं सांगितलं होतं. मास्तरांनी दोन्ही गोष्टींना नाही म्हटलं. भाऊ वाईट नव्हता. पण त्या दिवसापासून दोघांत बोलणं कामापुरतं राहिलं.

पंधरवड्यातून एखाद्या रविवारी मास्तर घाट उतरून पायी मंचरला जात. मीही एक-दोनदा बरोबर गेलो. दुकानाच्या कडेला पायरीवर ते बसत. आतून एक सात-आठ वर्षांची मुलगी पाण्याचा लोटा घेऊन येई. मोठे डोळे, घट्ट वेणी. जमना तिचं नाव. घरातली चुलत भावंडं मास्तरांना काका म्हणत, म्हणून तीही काकाच म्हणे. पन्नालाल शेठना बाबा.

"काका, पानी."

"कशी हायस?"

"बरी हाय."

ती लोटा घेऊन आत जाई. एवढ्यासाठी ते घाट उतरून येत आणि चढून परत जात.

मंचरच्या मुलींच्या शाळेत तेव्हा गोदूबाई नावाच्या बाई होत्या. बालविधवा, पुण्याला शिकून आलेल्या. मास्तरांनी त्यांना गाठलं आणि जमनेला शाळेत घालण्याबद्दल शेठजींना सांगायची विनंती केली. स्वतः सांगितलं असतं तर भावानं ऐकलं नसतं. बाईंनी दुकानात चकरा मारमारून शेठजींना राजी केलं. जमना शाळेत जाऊ लागली. पुढच्या रविवारी मास्तर पायरीवर बसले आणि लोटा घेताना म्हणाले, "तुझी पाटी दाखव की." ती लाजली. आत पळाली आणि पाटी तळहातानं पुसतच बाहेर आली. मास्तर हसले. नंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला वाटेत म्हणाले, "मी तिला शिकवाय लागलो तर दादा म्हनंल, घरातच शिकतीया, मग शाळा कशाला? शिकू दे तिथंच. पाटी काय, कदी तरी दिसंल."

दोन वर्षं गेली. जमना दहाची झाली. शेठजींना तिच्या लग्नाचे वेध लागले. गोदूबाई म्हणाल्या, अजून दोन इयत्ता होऊ देत, मुलगी हुशार आहे. एका रविवारी आम्ही पायरीवर बसलेलो असताना शेठजींनी गादीवरूनच निकाल दिला.

"हिरा, मी भांडत न्हाई. बाई म्हनतात हुशार हाय. बरं. अवंदाच्या परीक्षेला अक्षराचा पहिला नंबर काढू दे, मी दोन वर्सं थांबतो. न्हाई आला, तर पोरगी घरी. कबूल?"

"अक्षराचाच का?" मास्तरांनी विचारलं.

"आमच्यात पोरीला दुसरं काय लागतंय? चार ओळी नीट लिवता आल्या म्हंजी झालं. आन् तुझ्या पोरीचं अक्षर चांगलं नसंल, तर मग कुणाचं असंल?"

मास्तर म्हणाले, "कबूल."

दाराआड जमना उभी होती. तिनं ऐकलं होतं.

त्या साली परीक्षेला शाळा तपासणारे जे दिपोटीसाहेब आले, ते पुण्याचे, कामाच्या ओझ्यानं वाकलेले गृहस्थ. तालुक्यातल्या शाळा त्यांना भराभर उरकायच्या होत्या. पेठला त्यांनी मास्तरांची भिंतीवरची परीक्षा बघितली आणि खूश झाले. म्हणाले, "उद्या मंचरला मुलींची शाळा आहे. लहान वर्गांचं अक्षर तुम्हीच तपासा. मी बाकीचं बघतो. हे धाकटे मास्तरही येऊ देत मदतीला."

मास्तरांनी आढेवेढे घेतले. साहेबांना कारण सांगितलं नाही. माझी मुलगी तिथं आहे, एवढं म्हणाले असते तर सुटले असते. पण शाळेच्या कागदावर ती भावाची मुलगी होती. मला वाटतं, आणखी एक गोष्ट होती. त्यांना तिची पाटी बघायची होती.

दुसऱ्या दिवशी मंचरला शाळेत मुली नवी लुगडी-परकर नेसून बसल्या होत्या. साहेबांनी शब्द सांगितले. मुलींनी माना खाली घालून लिहिले. मग मास्तरांच्या पद्धतीप्रमाणे मुलींना अंगणात पाठवलं आणि मी व गोदूबाईंनी पाट्या भिंतीला लावल्या. मास्तर भिंतीकडे पाठ करून उभे होते. वळले, उलट्या पावलांनी दारापाशी गेले आणि बघू लागले.

ते नेहमीपेक्षा फार वेळ बघत राहिले. पुढे आले, गुडघ्यावर बसले. एका पाटीवरून दुसरीकडे सरकताना त्यांचं बोट हवेत अक्षरं गिरवत होतं. काही पाट्यांपाशी ते दोनदा आले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ते काहीतरी शोधताहेत. शेवटी त्यांनी एक पाटी उचलून वेगळी ठेवली. तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी, चौथी. पहिली पाटी खरंच देखणी होती. अक्षर शांत, प्रत्येक शब्दाला पुरेशी जागा. मास्तरांच्या तोंडावर तेव्हा जो आनंद दिसला, तो मी विसरलो नाही. त्यांना वाटलं, आपण ओळखलं.

मुलींना आत बोलावलं. मास्तर पहिली पाटी हातात धरून म्हणाले, "ही कुणाची?"

एक काळीसावळी, हडकुळी मुलगी पुढं आली. तेल्याची ठकू. तिनं दोन्ही हातांनी पाटी घेतली आणि छातीशी धरली.

मास्तर तसेच उभे. मग दुसरी पाटी, मग तिसरी. दोघी आल्या आणि आपापली पाटी घेऊन गेल्या. जमना आली ती चौथ्या पाटीपाशी.

गोदूबाईंचा चेहरा पडला. त्या साहेबांजवळ गेल्या आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, ती मुलगी कोण, अट काय, मास्तर कोण. साहेब भला माणूस होता. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

"अहो, हे आधी सांगायचं. शेरा अजून मी कागदावर लिहिलेला नाही. पहिल्या चारांत फरक तो काय? एकोणीस-वीसचा. कोण बघतंय?"

मास्तरांनी ठकूकडे पाहिलं. ती अजून पाटी छातीशी धरून उभी होती. पोलक्यावर पाटीवरची पांढरी धूळ लागली होती.

"साहेब, तिला हाक मारून झाली," मास्तर म्हणाले.

साहेबांनी मान हलवली.

मग मास्तर जमनेपुढे गुडघ्यावर बसले. नेहमीसारखं विचारलं, "यातलं तुझं सगळ्यात चांगलं अक्षर कुठलं? तूच सांग."

जमनेनं पाटीकडे पाहिलंच नाही. त्यांच्याकडे बघत म्हणाली, "काका, तुमाला कळली न्हाई?"

"काय, बाळ?"

"माजी पाटी. सगळे म्हनत्यात, तुमी नाव न वाचता वळखता."

ती पाटी घेऊन आपल्या जागी जाऊन बसली.

शेठजींनी शब्द पाळला. त्यांना राग नव्हता आला, उलट भावाविषयी थोडा आदरच वाटला असावा. आम्हाला दुकानाच्या पायरीवर म्हणाले, "हिरा, तू तुजं काम खरं केलंस. आता मी माजं करतो." दुसऱ्या दिवसापासून जमना घरी. त्या दिवशी पाण्याचा लोटा दुकानातल्या गड्यानं आणला.

परत येताना आम्ही घाट चढलो. माथ्यावर आलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेलेला. म्हणजे आज त्यांचं जेवण नाही. मी तसं म्हणालो. त्यांनी ऐकलं नसावं.

"दत्तोबा, चौथीच व्हती ना ती पाटी?"

"चौथीच होती, मास्तर. तुम्ही बरोबर लावल्या."

"व्हय. बरोबरच लावल्या." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "गावच्या समद्या पोरांची वळखतो मी. ती दोन वर्सं लिवत व्हती. मला कळाय पायजे व्हती."

गावात बायका म्हणाल्या, कसला हा बाप, काळीज हाय का दगूड. पुरुष म्हणाले, मास्तर लई सच्चा माणूस. दोन्ही बोलणी त्यांच्या कानावर गेली. फरक एवढाच झाला की पाट्या नाव न सांगता भिंतीला लावायचं त्यांनी बंद केलं. आता प्रत्येक पोरानं आपली पाटी स्वतः हातात घेऊन यायचं, नाव सांगायचं, मग मास्तर बघायचे. पोरांना जुना खेळ आवडायचा. ती हट्ट करत. मास्तर म्हणत, "न्हाई रं. आदी नाव सांग."

त्याच हिवाळ्यात मंचरला प्लेग आला. बाजार उठला, शाळा बंद झाल्या, माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिली. पेठलाही उंदीर मरून पडले आणि आम्ही सगळे माळावर गेलो. तिथंच एक दिवस मंचरकडून आलेल्या गाडीवानानं कोण कोण गेलं ते सांगितलं. त्यात तेल्याच्या घरातली चार माणसं होती. ठकू त्यातच.

गाडीवान बोलून गेला, "मास्तर, राग मानू नका. पर तवा नंबर फिरवला असता, तर तुमच्या पोरीचं तरी काम झालं असतं. ह्या पोरीला त्येचा काय उपेग झाला, सांगा."

मास्तर झोपडीच्या कुडाला धरून उभे होते.

"तिचाच व्हता तो," ते म्हणाले. "तेवढा तरी तिला मिळाला."

आणि आत गेले. मी त्यांना रडताना तेव्हाही पाहिलं नाही. पण त्यानंतर बरेच दिवस ते माळावर पोरांना जमवून शिकवायला बसत, आणि मधेच शब्द सांगायचे विसरून जात. पोरं पाटीवर पेन्सील टेकवून वाट बघत राहत.

पुढच्या उन्हाळ्यात जमनेचं लग्न झालं. आळ्याला किराणा-भुसाराचं दुकान असलेलं घर. कन्यादान शेठजी आणि त्यांच्या बायकोनं केलं, कारण विधुर माणसाला तो मान नाही. मास्तर मांडवाच्या मेढीला टेकून उभे होते, पाहुण्यांसारखे. वाटेला लावताना जमना सगळ्यांच्या पाया पडत त्यांच्यापाशी आली, वाकली आणि उठली. तिच्या डोक्यावर ठेवलेला हात मास्तरांनी उशिरा काढला. वहिनींनी तिला हळूच पुढं नेलं, तेव्हा तो हात क्षणभर हवेतच राहिला.

त्यांनी बदली मागितली, आणि राजुरीच्या शाळेत मिळालीही. आळे तिथून तासाभराच्या चालीवर. मी पेठलाच राहिलो. मग वर्षं गेली. कुणी त्या बाजूनं आलं की बातमी कळायची, मास्तर पेन्शनीत निघाले पण राजुरी सोडली नाही. आळ्याच्या बाजाराच्या दिवशी न चुकता तिथं जातात, लेकीच्या सासरच्या दुकानाच्या ओट्यावर बसतात आणि परत येतात. लेकीच्या घरचं पाणी बापानं प्यायचं नाही ही त्यांच्यातली रीत. म्हणून पाण्याचा तांब्याचा चंबू घरून घेऊन जातात.

एकदा पुतण्याच्या सोयरिकीसाठी आळ्याला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून राजुरीला उतरलो. मास्तर आता खूप वाळले होते. डोळ्यांना कमी दिसत होतं. मला आवाजावरून ओळखलं. चहा नाही, पण उकळून निवलेलं पाणी दिलं. मी विचारलं, "आळ्याला जाता ना? काय बोलता जमनेशी?"

"ती विचारती, जेवला का? मी म्हनतो, जेवलो." ते हसले. "दुकानात समदी मानसं असतात, दत्तोबा. अजून काय बोलनार?"

"काकाच म्हणते?"

"काकाच. सवय हाय तिला." मग थोड्या वेळानं, मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "उद्या बाजार हाय. तुमी असनारच की. या तिकडं, बसू जरा."

दुसऱ्या दिवशी सोयरिकीची बोलणी लांबली आणि मला दुपार झाली. बाजार ऐन भरात होता. मिरचीच्या राशी, बैलांच्या घंटा, भाव करणाऱ्यांची ओरड. दुकान सापडायला वेळ लागला नाही. ओट्याच्या एका कडेला धान्याच्या पोत्याला टेकून मास्तर बसले होते. बसल्या बसल्या त्यांना झोप लागली होती. पागोटं थोडं मागं सरकलं होतं, तोंड किंचित उघडं. सावली ओट्यावरून मागं गेली होती आणि उन्हाचा पट्टा त्यांच्या गुडघ्यांवरून छातीवर येऊन पोचला होता.

तेवढ्यात आतून जमना बाहेर आली. डोक्यावरून पदर, हातात धान्य पाखडायचं सूप. चांगली तिशीच्या आसपासची बाई झाली होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं, आणि मी तिला आता ओळखूही आलो नसतो. ती मास्तरांना उठवायला वाकली आणि थांबली. मग सरळ उभी राहिली आणि हातातलं सूप आडवं धरलं, असं की त्याची सावली त्यांच्या तोंडावर पडावी.

आतून सासऱ्याची हाक आली. "अगं ए, गिऱ्हाईक खोळंबलंय!"

"आले," ती म्हणाली.

ती गेली नाही. सूप जड नसतं, पण वर धरून उभं राहिलं की हात भरून येतो. तिनं ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि ऊन सरकलं तशी अर्धं पाऊल सरकली. मी त्यांना उठवलं नाही. बाजारातून बाहेर पडताना एकदा मागं वळून पाहिलं, तेव्हा मधे माणसांची आणि गाड्यांची दाटी झाली होती. तिचा वर धरलेला हात तेवढा दिसत होता.